नव्या गाडीचं बॉनेट

थंडीत मांजरं गाडीच्या कोमट इंजिनावर जाऊन झोपतात. म्हणून लोक कामाला निघायच्या आत मी सोसायटीच्या पार्किंगभर बॉनेटं थोपटत फिरते. तळमजल्यावरचे दिघे रोज खेकसतात, "काकू, नवी गाडी आहे. पोचा पडेल!"

आज अंगात कणकण होती. म्हटलं, मरू दे, दर हिवाळ्यात मीच का? डोक्यावरून गोधडी ओढली, तर बेल वाजली.

दारात दिघे, हातात किल्ली. "काकू, इंजिनात मांजर ओरडतंय. कधीचा बडवतोय, निघतच नाही. तुमचा हात ओळखतं ते. चला ना."

कानाला स्कार्फ गुंडाळून कण्हत जिना उतरले. हलकेच थोपटलं, तसं मांजर चाकाआडून अंग ताणत बाहेर आलं.

दिघ्यांचा हात मात्र बॉनेटवरून हलेना. त्याखाली हा एवढा पोचा होता.