पहिला मान

गिरणीच्या साहेबाची मोडकी, दोनच सीटांची स्पोर्ट्स गाडी दादांनी अंगणात आणून ठेवली, त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं आम्ही सगळे तिचा एकेक भाग सुटा करून रेशनच्या रॉकेलमध्ये घासत होतो. स्टोव्हला थेंब उरायचा नाही. आई ओल्या लाकडांवर भाकरी थापायची.

खंडेनवमीला गाडी एकदाची सुरू झाली. तिला झेंडूची माळ घालून दादा आत बसले आणि शेजारच्या सीटवर थाप मारत म्हणाले, "अनसूया, ये. पहिला मान तुझा."

"माझा कसा?" आईनं विचारलं.

ती आत गेली. रॉकेलचा रिकामा डबा आणून तिनं त्या सीटवर आदळला आणि रेशनकार्ड दादांच्या मांडीवर टाकलं.

"मान ह्याचा. तीन वर्षं हिला आंघोळ ह्यानंच घातली. दुकानापुढं रांग लागलीय. भरल्याशिवाय परत येऊ नका."

दादांनी गाडी बंद केली. "ही घेऊन रांगेत? लोक हसतील की गं."

"हसतातच. तीन वर्षं त्या रांगेत उभी राहून मी ऐकतेय. आज तुम्ही ऐका."