एक चमचा लसूण

लसूण घालायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी लसणाची वाटी उचललीच नाही. भिजवलेलं शेवाळ तिळाच्या तेलात परतून झालं, शिंपल्यांसकट तिसऱ्या टाकून झाल्या, त्यांची तोंडं उघडली, आणि सासूबाईंनी सरळ पाणी ओतलं.

शेजारी उभी राहून हेरान प्रत्येक कृती इंग्रजीत सांगत होती. 'आता एक चमचा लसूण' हे तिचं सांगूनही झालं होतं. गिजांग गावच्या मच्छीमार सभागृहात आठवड्यातून दोनदा त्या दोघी परदेशी पाहुण्यांना हे वाढदिवसाचं सूप शिकवायच्या. दोन वर्षांत क्रम कधी चुकला नव्हता.

आज चार पाहुणे होते, दोघांत एक पातेलं. त्यांतला योस्त नावाचा उंच डच मास्तर सगळं वहीत लिहून घ्यायचा. मघाशी त्याचं चिरणं बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "याला सांग, लसूण चिरायचाय, सरपण फोडायचं नाहीये." हेरानने ते जरा मऊ करून सांगितलं होतं आणि तरीही तो खूप हसला होता. आता त्यानेच हात वर केला. कागदावर लसूण आहे, आमच्या पातेल्यात आहे, बाईंच्या पातेल्यात नाही. बाई विसरल्या का?

"आई, लसूण राहिला," हेरान हळूच म्हणाली.

"दिसतोय मला."

सासूबाई आच मोठी करून पाणी उकळायची वाट बघत राहिल्या.

तेव्हा कुठे हेरानला ते कळलं. गेलेल्या माणसापुढे जे ठेवायचं त्यात लसूण घालत नाहीत. तो वास आला की आत्मा ताटाकडे फिरकत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि आज तिच्या नवऱ्याचा, तेसोकचा, वाढदिवस होता.

तेसोकची बोट तीन हिवाळ्यांपूर्वी रिकामी सापडली. तो सापडला नाही. मरणाची तारीखच माहीत नसेल तर श्राद्ध जन्मदिवशी करतात, म्हणून थोरले चुलते दर नव्या वर्षाला येऊन ते करायचं का विचारायचे, आणि दर वर्षी सासूबाई त्यांना चहा पाजून वाटेला लावायच्या. वाढदिवसाला त्या हेच सूप रांधायच्या, भरपूर लसूण घालून, जिवंत माणसासाठी रांधतात तसं. भाताचा वाडगा झाकून रजईखाली उबेत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी तो गार भात हेरान खायची. या जानेवारीत मात्र तिचा तोल गेला होता. जो यायचाच नाही त्याला अजून किती वर्षं जेवू घालायचं, मला एकदाचं रडून तरी घेऊ द्या, असं ती बोलून गेली होती. तीन महिने तो विषय घरात निघाला नव्हता.

पाण्याला उकळी आली. हेरानने वाटी उचलली, चमचा भरला आणि पातेल्याकडे नेला.

सासूबाईंनी पातेल्यावर आपला तळवा आडवा धरला. खालून वाफ येत होती, तरी त्यांनी तो हलवला नाही.

"तूच मागे लागली होतीस ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मग आता का?"

हेरानने चमचा परत वाटीत रिकामा केला, तेव्हा सासूबाईंनी हात काढला. तळवा लालबुंद झाला होता. तो त्यांनी एप्रनला पुसला आणि त्या मिठाचं बघायला लागल्या.

योस्तला हेरानने सांगितलं की काही घरांत असंही करतात. त्याने ते लिहून घेतलं.

सूप झाल्यावर सगळे टेबलाशी बसले. सासूबाईंनी आपल्या पातेल्यातला पहिला वाडगा भरून खिडकीखालच्या रिकाम्या जागी ठेवला आणि कुणाला तिथे बसू दिलं नाही. कार्लोता नावाच्या पोर्तुगीज पाहुणीला कुतूहल वाटलं. तिने विचारलं, तो वाडगा कुणासाठी?

"माझ्या नवऱ्यासाठी," हेरान म्हणाली. "आज त्याचा वाढदिवस."

चौघांचे चेहरे फुलले. हे सूप वाढदिवसाचं असतं हे त्यांना माहीत होतं. आज ते खऱ्याच वाढदिवसाला आले होते. कार्लोताने विचारलं, किती वर्षांचा झाला?

एक्केचाळीस हेरानच्या ओठांवर आलं होतं. गेल्या वर्षी सासूबाईंनीच एका पाहुणीला बोटं मोजून चाळीस सांगितलं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"विचारतायत, किती वर्षांचा झाला."

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "आता अडतीसच सांगायचं."

हेरानने इंग्रजीत सांगितलं.

"आणि तुम्ही?" कार्लोताने विचारलं.

"एकोणचाळीस."

"अरे वा, म्हणजे नवरा तुमच्याहून लहान," कार्लोता डोळे मिचकावत म्हणाली.

"हो," हेरान म्हणाली. "यंदापासून."