तयार कान

माझ्या रिमोटच्या ट्रकला मी नवी मोटर बसवली होती, प्लास्टिकचे गिअर काढून स्टीलचे घातले होते. आमच्या रिमोट-गाड्यांच्या क्लबातला मित्र तो बघायला आला होता. आम्ही टेबलावर वाकलेले असताना बाबा व्हीलचेअरची चाकं हातानं फिरवत खोलीत आले. "याचा कान तयार आहे हो," ते मित्राला कौतुकानं म्हणाले. "कुणीही अंगणात गाडी फिरवू दे, हा घरात बसून सांगतो, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय म्हणून!" मित्र हसला नाही. तो बाबांच्या खुर्चीच्या पुढच्या चाकाकडे बघत होता. ते चाक सहा महिने किरकिरत होतं. माझ्या हातात ग्रीसची ट्यूब होती. ती कुठं लपवावी कळेना. बाबा वळले. दारापर्यंत चाक किरकिरत गेलं आणि थांबलं. "या आवाजाची कटकट होतेय ना तुम्हाला?" ते ओशाळून म्हणाले. "दार लावून घेतो."