कोरी राहिलेली जागा

नवं कोरं मशीन सकाळी अकरालाच मेलं. मशीन लावून द्यायची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या आज्ञा, सुरू केली, पडद्यावर अक्षरं भराभर सरकली, आणि नंतर ते काही केल्या उठेना.

"मशीनच खराब निघालं," मुकादम म्हणाले. ते कॉम्प्युटर टीमचे प्रमुख. सगळ्यांना कामाला जुंपायची हातोटी अशी, की हे नावच चिकटलं होतं. "ठेव बाजूला. पुढचं घे."

पुढचं मशीन एक्स-रे विभागाचं होतं. इस्पितळाचे अकरा वर्षांचे फोटो त्यात होते, आणि दुसरी प्रत कुठंच नव्हती. विभागाच्या बाई दारातच उभ्या होत्या. "आटपा हो लवकर, बाहेर रांग लागलीय."

स्क्रिप्ट चालवणाऱ्या मुलीचा हात कीबोर्डवर थांबला. प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची, म्हणून ऑफिसात तिला सगळे 'काबाई' म्हणत.

"सर, पण ते का मेलं?"

"झालं हिचं सुरू!"

"दहाच मिनिटं द्या."

स्क्रिप्ट न चालवता तिनं ती नुसती छापून घेतली. मशीनला शेवटी काय पोचतं, तेच बघायला. ओळीओळीवरून बोट फिरवत गेली. एका ओळीवर बोट अडलं.

"सर, ही साफसफाईची ओळ. जुन्या फोल्डरचं नाव इथं मशीननं स्वतः भरायचं होतं ना?"

"हो. म्हणून तर नावाआधी डॉलरचं चिन्ह आहे."

"पण स्क्रिप्ट आधी आपल्या कॉम्प्युटरवर तयार होते. तोही डॉलर दिसला की आपल्याकडची नावं भरतो. हे नाव त्याला ठाऊकच नाही. त्यानं निमूटपणे कोरी जागा सोडली. आता वाचा."

मुकादमांनी चष्मा वर केला. फोल्डरचं नाव उडालं होतं. उरली होती एक तिरकी रेघ. "म्हणजे पार मुळापासून सगळं पुसा," ती म्हणाली.

"काल मीच घातली ही ओळ," ते हळूच म्हणाले.

तिनं डॉलरला जोडून आणखी एक डॉलर टाकला. "एक आपला कॉम्प्युटर गिळेल, दुसरा मशीनपर्यंत पोचेल." मग वर आणखी एक ओळ: नाव रिकामं असेल, तर काहीच करू नकोस, थांब.

मेलेल्या मशीनवर पुसलं गेलेलं सगळं आधी नव्यानं भरलं, मग दुरुस्त केलेली स्क्रिप्ट चालवली. ते मुकाट्यानं उठलं.

"तुला शंका कशी आली गं?"

"शंका कसली सर! कळल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच."

बाईंना सगळं कळलं नव्हतं, पण 'पुसा' हा शब्द नेमका ऐकू आला होता. "अहो, आमचे फोटो आहेत ना?"

"आहेत. तरी एकदा उघडून बघा," मुकादम म्हणाले.

बाईंनी हाताला लागेल तो फोटो उघडला. काळ्या पडद्यावर कुणा लहान मुलाचा पंजा उमटला, पाचही बोटं पसरलेली. तिघंही बराच वेळ त्यातली हाडं मोजत राहिली.