कार्ड नंतर बदलता येतं का?

“म्हणजे हे कार्ड नंतर बदलता येत नाही?” दिगंबर खळदकरांनी विचारलं.

तीन शनिवार मिळून तेजस हा प्रश्न अकराव्यांदा ऐकत होता.

“नाही काका. रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते. ग्राफिक्स कार्ड मात्र लॅपटॉपच्या बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं. जे घ्यायचं ते आत्ताच.”

“हं,” म्हणत खळदकरांनी पॅडवर काहीतरी खरडलं. पॅडच्या दोन पानांमध्ये कार्बन पेपर होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. नोकरी सुटली, कार्बन सुटला नव्हता.

तेजसने खराडीची आयटीतली नोकरी सोडून कर्वेनगरात हे दुकान टाकलं, त्याला दहा महिने होत आले होते. ‘तुम्हाला हवा तसा गेमिंग लॅपटॉप बनवून मिळेल’ अशी झकास पाटी बाहेर होती. प्रत्यक्षात लोक आत यायचे ते चार्जर मागायला. महिनाअखेरपर्यंत एक तरी मोठी ऑर्डर आली नाही तर दुकानाला कुलूप आणि पुन्हा खराडी, असं त्याने आईला कबूल केलं होतं. आज अठ्ठावीस तारीख होती, आणि ऑर्डर देण्याजोगं गिऱ्हाईक एकच होतं. तेही हे असं.

हे खळदकर नवरा-बायको नेमकं काय बघतायत, तेच त्याला कळेना. पहिल्या शनिवारी त्याने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी लावून गेम चालवून दाखवला. खळदकरांनी स्क्रीनकडे पाठ करून विचारलं, “नोकरी का सोडलीत?” दुसऱ्या शनिवारी त्याने खर्च समजावला. सहा जीबीच्या कार्डावरून आठवर गेलं की सव्वीस हजार जास्त, थेट बारावर गेलं की अठ्ठावन्न. खळदकरांनी आकडे उतरवून घेतले आणि म्हणाले, “घरी कोण कोण असतं?”

“काका, त्याचा काय संबंध?”

“वा! उद्या तुम्ही गाशा गुंडाळलात तर वॉरंटी मागायला कोणाच्या घरी जायचं आम्ही?”



त्यांच्या बायकोची, वेणूबाईंची, तर वेगळीच तऱ्हा. त्या कार्डाबद्दल अवाक्षर काढत नसत. तेजस किटलीत चहा करायचा, तो त्या सावकाश प्यायच्या आणि मागच्या बेसिनकडे टक लावून बघत बसायच्या. आजही तो कप विसळून येईपर्यंत त्यांची नजर तिथून हलली नव्हती.

“लॅपटॉप तुमच्या मुलीला हवाय ना? मग एकदा ताईंनाच घेऊन या,” तो म्हणाला. मुलगी आर्किटेक्ट होती, स्क्रीनवर इमारती उभ्या करायची, एवढं त्याला समजलं होतं.

“ताई कशाला? उत्कर्षा म्हणा,” वेणूबाई घाईघाईने म्हणाल्या. “आणि तिला कुठला वेळ? आधी आम्ही बघतो, मग ती येईल.”

तेवढ्यात तेजसचा फोन वाजला. आईच होती.

“दाढी केलीस ना रे?”

“हो आई.”

“आणि नीट बोल लोकांशी. वसकन अंगावर जाऊ नकोस.”

“हो आई. गिऱ्हाईक आहे, ठेवू?” त्याने फोन हळूच बाजूला ठेवला. नेमक्या अशा वेळी हिला दाढी सुचते, याचा त्याला मनातून संताप आला होता.

खळदकर खुर्चीत पुढे सरकले. “हे बघा, मी खराडीला एका दुकानात जाऊन आलोय. ते म्हणतात, आत्ता सहा जीबीचं घ्या, दोन वर्षांनी त्यातच बारा जीबीचं बसवून देऊ. किंमत तुमच्याएवढीच. तुम्हीही तसं बसवून देत असाल तर आत्ता ॲडव्हान्स देतो.” त्यांनी पिशवीतून चेकबुक काढून काउंटरवर ठेवलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

नुसतं ‘हो’ म्हणायचं. दोन वर्षांनी कोण येतंय विचारायला? दुकान वाचलं असतं, खराडीची बस चुकली असती. त्याने चेकबुककडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्या बोटांतल्या पेनाकडे.

“नाही काका,” तो म्हणाला. “ते कोणालाच बदलता येत नाही. तुम्हाला फसवतायत ते. आणि खरं सांगू? आधी तुमच्या मुलीचा आत्ताचा लॅपटॉप आणून दाखवा. कदाचित चार हजारांची रॅम टाकून काम भागेल. उगाच लाखभर रुपये घालवू नका.”

बोलून झालं आणि त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

खळदकरांनी पेनाला टोपण लावलं. चेकबुक पिशवीत गेलं. मग त्यांनी पॅडवर चांगली दोन मिनिटं लिहिलं, वरचा कागद फाडून खिशात घातला आणि खालचा, कार्बनचा, घडी करून तेजसच्या कीबोर्डखाली सरकवला.

“तपासणी झाली की एक प्रत पार्टीला द्यायची, अशी पद्धत होती आमच्याकडे,” ते म्हणाले. “बरंय. कळवतो.”

पुण्यात ‘कळवतो’चा अर्थ काय होतो, ते तेजसला चांगलं ठाऊक होतं. त्याने काचेतून पाहिलं. वेणूबाई रिक्षात बसता बसता पदराने डोळे पुसत होत्या. आता यांना रडायला काय झालं?

खराडीवाल्याचं नाव तरी कळेल म्हणून त्याने कागद उलगडला.

‘तपासणी : फेरी तिसरी.

दाढी : आज केलेली.

चहा : स्वतः करतो. कपही विसळतो.

आईशी बोलणं : नीट. चिडला तरी फोन आपटत नाही.

लॅपटॉप : नको. मुलीकडे चांगला आहे.

नोकरी सोडून दुकान : सौ.ची हरकत होती, आता नाही. दुकान चालू ठेवावं.

नुकसान होत असताना खोटं बोलतो का : नाही.

शेरा : पास. उद्या रविवार. उत्कर्षाला दाखवावा.’