पंधरावं नाव

"ऊठ वहिनी, ऊठ, मी बसते," म्हणत दुपारच्या पाळीला नुकत्याच आलेल्या नणंदेनं तिला खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच. "लायसन्स तपासणारा आलाय, न सांगता. तोंड उघडलंस तर शपथ आहे तुला."

वहिनी बाजूच्या स्टुलावर जाऊन बसली. अँब्युलन्ससाठी येणारे फोन घेण्याची ती खोली. माणसं पंधरा आणि संगणक वापरायची लायसन्स चौदा. टेबलांवर नुसते संगणकाचे पडदे होते. खरे संगणक दूर कुठेतरी, मोठ्या सर्व्हरवर. आपलं नाव टाकलं की कुठल्याही पडद्यावर आपलं काम उघडायचं. पण लायसन्स माणसामागे घ्यायचं, पडद्यामागे नव्हे, आणि प्रत्येकावर दरवर्षी सपोर्टचा खर्च वेगळा. मग सुपरवायझरनं डोकं चालवलं. वहिनीची पाळी सकाळची, नणंदेची दुपारची. दोघींनी नणंदेचंच नाव वापरावं, बघतंय कोण! सात महिने झाले तरी पडद्यावर वहिनी कुठंच नव्हती.

आता बघणारा आला होता. किरकोळ अंगाचा माणूस, हातात यादी. प्रत्येक खुर्चीशी थांबून नाव विचारत होता, खूण करत होता. सापडलं तर केंद्राला दंड, आणि वहिनीची नोकरी तर त्याच दिवशी संपली. नवरा वर्षभर कामाशिवाय घरी बसलेला.

"या कोण?"

"शिकाऊ आहेत," सुपरवायझर हसून म्हणाला. "नुसतं ऐकतात. फोनला हातसुद्धा लावत नाहीत."

तपासनीसानं मान डोलावली. सुपरवायझरनं कपाळ पुसलं.

एवढ्यात दार उघडून पन्नाशीची एक बाई आत आली. मागोमाग काठी टेकत तिचा नवरा. महिन्याभरापूर्वी तो सकाळी घरातच कोसळला होता. गाडी पोचेपर्यंत नऊ मिनिटं इथूनच कुणीतरी फोनवर सांगून सांगून तिच्याकडून त्याची छाती दाबून घेतली होती. आभार मानायला आली होती बिचारी. दुसरा दिवस मिळाला नाही का हिला!

नोंदीत नाव निघालं नणंदेचं. दुसरं निघणार तरी कुठून? नणंद हेडफोन काढून दाराशी गेली. "मीच होते," ती म्हणाली.

बाईनं तिचे दोन्ही हात धरले. मग तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"राग मानू नका ताई, पण हा आवाज तो नाही."

"फोनवर आवाज वेगळाच येतो हो," सुपरवायझर घाईघाईनं म्हणाला.

"नऊ मिनिटं ऐकलाय मी. जन्मात विसरायची नाही. कोण होत्या त्या, सांगा ना!"

तपासनीसाचं पेन थांबलं. वहिनी फरशीकडे बघत राहिली. उठावं, त्या माणसाला एकदा डोळे भरून बघावं, असं तिला फार फार वाटलं. ज्याच्यासाठी फोन घेतला ते माणूस पुढे जगलं की गेलं, हे सात महिन्यांत कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

आणि नणंदेच्या टेबलावर फोन वाजला. बाकीचे सगळे कुणाशी ना कुणाशी बोलण्यात गुंतलेले. एक घंटा. नणंद वळली, पण बाई हात सोडेना. दोन. सुपरवायझरनं डोळ्यांनीच वहिनीला बजावलं, खबरदार.

तिसऱ्या घंटेला वहिनीनं हेडफोन कानाला लावला.

"बोला, काय झालं? श्वास चालतोय का त्यांचा? नाही? बरं. पत्ता सांगा." तिची बोटं पडद्यावर पत्ता उतरवत होती. वरच्या कोपऱ्यात नाव नणंदेचं. तपासनीस येऊन तिच्या पाठीशी उभा राहिला, ते तिला कळलं. नोकरी गेली, हेही कळलं. "गाडी निघाली. रडू नका, मी आहे ना. त्यांना पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवा. आता दाबा, जोरात. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार..."

दाराशी त्या बाईनं नणंदेचे हात सोडले. डोळे मिटले, नवऱ्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि तीही मोजू लागली, "पाच, सहा, सात, आठ..."