गाठीभोवतीचा पहारा

गोदामाच्या सुरक्षेत उभं आयुष्य गेलेल्या काकांच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. नवं औषध लागू पडेल का, हे आधीच कळावं म्हणून गाठीचा तुकडा तपासला गेला. डॉक्टरबाई खुशीत म्हणाल्या, "काका, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा गाठीभोवती चांगला गराडा आहे. औषध लागू पडायला हरकत नाही."

काकांचे डोळे बारीक झाले. "एवढा पहारा असताना गाठ लिंबाएवढी झालीच कशी? त्यातल्या काही पेशी गाठीला आतून मिळालेल्या आहेत. चौकशी करा."

"अहो, आयुष्यभर माणसांवर संशय घेतलात, आता स्वतःच्या पेशींना तरी सोडा!" काकूंनी कपाळावर हात मारला. काकांची समजूत पटावी म्हणून डॉक्टरबाईंनी आणखी एक तपासणी केली.

आठवड्याने त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "काका, निम्म्याअधिक पेशी गाठीचीच राखण करताहेत. ते औषध एकटं पुरणार नाही."



"चाळीस वर्षांत तुमचा हा पहिलाच संशय खरा निघाला हो," काकू पुटपुटल्या, तेव्हा काका म्हणाले, "नेमका हाच खोटा निघायला हवा होता."